चौकटीला चिकटलेला दिवा

गोरक्ष जूनपासून माझ्या वर्गात होता, पण मला तो खऱ्या अर्थाने दिसला जानेवारीत, सहलीच्या बसमध्ये. त्याआधी तो माझ्यासाठी हजेरीतला एकोणिसावा नंबर होता. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर दिवसभर गप्प.

आठवीची सहल भंडारदऱ्याला निघाली होती. घोटी मागे पडली होती. तो ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पहिल्या सीटवर बसला होता आणि मी त्याच्या मागे. दोन्ही बाजूंना भात कापून मोकळी झालेली खाचरं होती. डावीकडून एक कच्चा रस्ता तिरपा येऊन पुढे आमच्या रस्त्याला मिळत होता, आणि त्यावरून पेंढ्याने लादलेला एक ट्रॅक्टर येत होता.

"काका, ट्रॅक्टर," गोरक्ष म्हणाला.

"दिसला रे," ड्रायव्हर म्हणाले, आणि पुन्हा मला आपल्या मुलाच्या दहावीबद्दल सांगू लागले.

थोडा वेळ गेला. मग गोरक्ष एकदम उभा राहिला आणि ओरडला, "ए, थांब! ए, थांब ना!"

करकचून ब्रेक लागला. डबे पडले, चिवडा सांडला, मागे मुली किंचाळल्या. ट्रॅक्टर आमच्या नाकासमोरून वीतभर अंतराने रस्ता ओलांडून गेला. त्याच्या चालकाचं लक्ष मागच्या पेंढ्याकडे होतं. त्याने आम्हाला पाहिलंच नाही. आमच्या काचेवर पेंढ्याच्या चार काड्या चिकटून राहिल्या.

सगळे सावरल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं रे?"

"बाई, तो चौकटीवरून हलतच नव्हता."

"म्हणजे?"

त्याने खिडकीच्या उभ्या चौकटीवर बोट ठेवलं. "गाडी चालली की सगळं या चौकटीच्या मागं सरकतं. झाड सरकतं, खांब सरकतो. तो ट्रॅक्टर इथंच चिकटून होता, आणि मोठा होत होता. जे हलत नाही आणि मोठं होतं, ते आपल्यावरच येतं."

तो दर सोमवारी गावाहून एसटीने नाशिकला यायचा, शनिवारपर्यंत आत्याकडे राहायचा आणि पुन्हा एसटीने परत जायचा. त्या खिडकीत बसून तो हे स्वतःच शिकला होता. मी वीस वर्षं भूमिती शिकवत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रेषा काढून पाहिल्या. त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

पण त्या दिवशी बसमध्ये मी आणखी एक गोष्ट केली, तीही लिहायला हवी. ड्रायव्हर रुसले होते. "शेंबडं पोरगं मला ‘ए’ म्हणतं," असं ते दोनदा म्हणाले. परतीचा प्रवास त्यांच्याच हातात होता. मी गोरक्षला त्यांची माफी मागायला लावली आणि वर म्हणाले, "मोठ्या माणसाला एकदा नीट सांगावं आणि गप्प बसावं. त्यांना कळतं."

"हो बाई," तो म्हणाला.

काही मुलं सांगितलेलं विसरतात. गोरक्ष त्यातला नव्हता.

त्याची आत्या कुसाबाई एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायची. लग्नसराईत पहाटे बाहेर पडायची, तरी पोराचा डबा कधी चुकवला नाही. पालकसभेला ती पिठाच्या हातानेच यायची. "बाई, ह्याला बोलता येतं का ओ वर्गात? घरी तर नुस्ता भिताडाकडं बघत बसतो." मी म्हणाले, येतं, पण गरजेपुरतं. "मंग बरं हाय," ती म्हणाली. "आमच्यात बाकी समदे लय बोलतात."

गोरक्ष दहावीत असताना उपेंद्र शाळेत आला. उपेंद्रही माझाच विद्यार्थी, आठ वर्षांनी मोठा, पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरातला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठी, म्हणजे नाशिकच्या गंगेवर, यात्रेकरूंचे विधी चालत आलेले, आणि हा पहिला मुलगा मालवाहू जहाजावर अधिकारी झाला. त्याचे वडील मला एकदा म्हणाले होते, "गंगेच्या पाण्यावर आमचं सगळ्यांचं भागलं, याला समुद्र लागतो." पण बोलताना त्यांचा चेहरा कौतुकाने फुलला होता. उपेंद्र होताच तसा. हसतमुख, मोकळा, दुसऱ्यासाठी धावणारा. पांढऱ्या गणवेशात तो व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा शिक्षकांनाही आपण काहीतरी बरं केलं असं वाटलं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा गोरक्षने हात वर केला. मला आश्चर्य वाटलं.

"दादा, समुद्रात रस्ता नसतो. मग जहाजं एकमेकांवर आदळतात कशी?"

"रस्ता नसतो म्हणूनच," उपेंद्र म्हणाला, आणि सगळं सभागृह हसलं.

पुढे उपेंद्रनेच त्याला मार्गी लावलं. बारावीनंतर खलाशाच्या प्रशिक्षणाचा फॉर्म, वैद्यकीय तपासणी, पहिलं जहाज, सगळीकडे तो शब्द टाकत राहिला. गावात फ्लेक्स लागला: ‘नौदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. गोरक्षच्या फोटोमागे तोफा रोखलेली एक मोठी युद्धनौका होती.

"अरे, तू तर मालवाहू जहाजावर चाललास," मी म्हणाले. "सांगितलं नाहीस का त्यांना?"

"सांगितलं ना बाई. सरपंच म्हणाले, तेच रे ते, पाणी एकच."

"मग?"

"मग गप्प बसलो. एकदा सांगितलं होतं."

मी हसले होते. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

त्यानंतरची सात-आठ वर्षं तो नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी असा राहिला. सुट्टीवर आला की माझ्याकडे यायचाच. मी निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता. त्याने मला एकदा रद्दीत काढलेला समुद्राचा जुना नकाशा आणून दिला. जमीन त्यात रिकामी, पिवळी, आणि सगळे आकडे पाण्यात. आता त्याच्या बोलण्यात वाक्यं लांब झाली होती. वेदिकाशी लग्न झाल्यावर तो विनोदही करू लागला. "ही मला विचारते, समुद्रावर रविवार असतो का."

एका दुपारी मी विचारलं, "तुला तिथे सगळ्यात भीती कशाची वाटते? वादळाची?"

"नाही बाई. नौदलाच्या जहाजाची."

मला वाटलं, हा तोफांबद्दल बोलतोय. त्याने माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा लांब डबा पुढे ओढला, आणि देवघरातून काडेपेटी आणली.

"हा डबा म्हणजे आम्ही. दोनशे मीटर लोखंड, पोटात कोळसा. थांबायचं म्हटलं तर दोन-तीन किलोमीटर पुढं जाऊन थांबणार. आणि पहाटे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, जागी माणसं दोन. एक ऑफिसर, एक मी." मग त्याने काडेपेटी तिरपी ठेवली. "ही युद्धनौका. बाकीची जहाजं आपलं नाव-गाव आपोआप कळवत असतात, आमच्या पडद्यावर दिसतं. ही कळवत नाही. तिची बांधणीच अशी, की रडारवर एवढीशी दिसावी. दिवेही कमी. लांबून वाटतं, कुणीतरी मच्छीमार आहे. लपण्यासाठीच बनवलेली असते ना ती. शत्रूपासून लपते, तशी आमच्यापासूनही लपते."

"पण त्यांना तर तुम्ही दिसता?"

"दिसतो की. आम्ही चाळीएवढे. त्यांच्या ब्रिजवर माणसंही आमच्यासारखी दोन नसतात, पंधरा-वीस असतात. कुणी नकाशावर, कुणी रडारवर, कुणी कानाला फोन लावून." त्याने काडेपेटीवर टिचकी मारली. "दोघांत एकजण गप्प बसला तर कळतं बाई. विसात कोण गप्प बसलं, ते कळत नाही. प्रत्येकाला वाटतं, साहेबांना कुणीतरी सांगितलंच असेल."

त्याने काडेपेटी हळूहळू डब्याकडे सरकवत आणली आणि टेकायच्या आत बोट काढून घेतलं. चहा झाल्यावर मी डबा उचलून ठेवला. काडेपेटी मात्र देवघरात परत न्यायला हात होईना. दोन दिवस ती टेबलावरच राहिली.

पुढच्या खेपेस तो आणि उपेंद्र एकाच जहाजावर गेले. उपेंद्र आता चीफ ऑफिसर, कप्तानाच्या लगेच खालचा. कप्तानाची परीक्षा तो पास झाला होता. ही खेप संपली की त्याला स्वतःचं जहाज मिळणार, असं कंपनीने कळवलं होतं. त्याच्या आईने पेढे पाठवले. गोरक्षला पहाटे चार ते आठच्या पाळीला उपेंद्रबरोबर टेहळणीचं काम मिळालं. कुसाबाईला केवढा आनंद! "घरचंच माणूस साहेब हाय म्हन्ल्यावर काळजी नाय."

जुलैच्या एका सकाळी बातम्यांच्या पट्टीवर ओळ सरकली: परदेशी युद्धनौका आणि मालवाहू जहाज यांची टक्कर, तीन नौसैनिक बेपत्ता. कुठला देश ते मी इथे लिहीत नाही. गोरक्षही त्याचं नाव घेत नाही. तासाभरात कुसाबाई फोन हातात घेऊन दारात उभी राहिली. धाप लागली होती.

"बाई, हे आपल्या गोरखचं जहाज हाय म्हनं. वेदिकाला कंपनीचा फोन आला. तो बरा हाय. पन गावातले इचारतात, आपला पोरगा नेव्हीत, मंग त्यानं नेव्हीचं जहाज कसं ठोकलं?" मग तिने आवाज खाली आणला. "बाई, ह्याची नेव्ही कोनच्या बाजूची?"

तेरा वर्षांपूर्वीचा तो फ्लेक्स मला आठवला... नाही, आठच वर्षं झाली होती. माझंही डोकं त्या दिवशी नीट चालत नव्हतं.

गोरक्ष दीड महिन्याने आला. तिथल्या बंदरात जहाज अडकवून ठेवलं होतं. तो बारीक झाला नव्हता, दाढीही वाढली नव्हती. फक्त खुर्चीवर बसताना त्याने ती खिडकीपासून दूर, भिंतीकडे फिरवून घेतली.

त्याने जे सांगितलं ते असं.

उजाडायला अर्धा तास होता. हवा धुरकट होती. आजूबाजूला मच्छीमारांच्या बोटी विखुरलेल्या होत्या. जवळ काही आलं की रडारचा पडदा टीं-टीं करतो. मच्छीमारांच्या गर्दीत तो थांबतच नाही, म्हणून उपेंद्रने आवाज बंद केला होता. सगळेच करतात. दुपारी बंदर लागणार होतं आणि बंदराचे कागद पहाटेच्या पाळीतच भरून ठेवायची त्याची पद्धत होती. गोरक्ष उजव्या बाजूच्या उघड्या दाराशी उभा होता.

"मला लाल दिवा दिसला. वर एकच पांढरा. उजवीकडून येणाऱ्याचा लाल दिवा दिसला, की बाजूला व्हायचं आपण, हा नियम. मी म्हणालो, सर, उजवीकडे लाल दिवा. एक पांढरा. सर म्हणाले, बघितलंय रे. मच्छीमार आहे. वळेल तो, यांना शेवटच्या क्षणी वळायची खोडच असते."

"मग?"

"मग मी दिवा दाराच्या चौकटीला लावला."

त्याने हवेत बोटाने एक उभी रेघ ओढली.

"पाय एकाच जागेवर ठेवले. मान हलवली नाही. तो चौकटीला चिकटला होता बाई. एक मिनिट, दोन मिनिटं. बाकीचे दिवे मागं सरकत होते. तो नाही. आठ मिनिटं."

"आठ मिनिटं तू..."

"घशात शब्द आला होता. सर कागदात होते. बोटीवर पहिल्या दिवसापासून शिकवतात, रिपोर्ट एकदा. ऑफिसरने ‘बघितलं’ म्हटलं की तुझं काम संपलं. आणि उपेंद्रदादाला मी दुसऱ्यांदा काय सांगायचं? मला बोट कुणी दाखवली?" तो हातांकडे बघत होता. "मग थोडं करडं उजेडलं. आणि त्या दिव्यामागं भिंत दिसली. करड्या रंगाची. तिच्यावर पांढरा नंबर. मच्छीमाराच्या बोटीवर एवढा मोठा नंबर नसतो."

त्याच वेळी उपेंद्रने मान वर केली. त्याने सुकाणू पूर्ण फिरवलं, भोंगा वाजवला. जहाजाने वळायला सुरुवात केली, इतकंच. त्याचं नाक युद्धनौकेच्या कुशीत, पाण्याच्या रेषेजवळ घुसलं. आत तिथे झोपण्याची खोली होती.

"आमच्याकडं धक्का एवढाच बसला, की टेबलावरचा चहा हिंदकळला," गोरक्ष म्हणाला. "कप पडलासुद्धा नाही."

तिथल्या पोलिसांना त्याने सांगितलं होतं, मला नीट आठवत नाही. दुभाष्या घाईत होता. ब्रिजवरचं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात त्याच्या बाजूचा नुसता वारा आला होता. आता खरी चौकशी मुंबईत व्हायची होती, आणि तिथे त्याची साक्ष होती.

त्याच आठवड्यात उपेंद्र आला. मी बारा वर्षांच्या मुलाला म्हणावं तसं म्हणाले, "अरे, किती वाळलास!" तो नेहमीसारखा खाली सतरंजीवर बसला.

"बाई, मी खोटं बोलत नाही. मला खरंच आठवत नाही तो काही बोलल्याचं. रोज आठवून बघतो. मला कागद आठवतात. कुठल्या रकान्यात काय लिहीत होतो, पेनाची शाई कुठे फुटली, तेसुद्धा आठवतं. त्याचा आवाज आठवत नाही."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. आजही आहे.

"आणि समजा बोलला असेल," तो पुढे म्हणाला. "तरी बाई, खलाशाला काय होतं? त्याने काही दिसलं नाही म्हटलं, तर सहा महिने घरी बसेल. पुन्हा बोट मिळेल, ती मी मिळवून देईन, शब्द देतो. माझं प्रमाणपत्र गेलं की मी संपलो. तिकडच्या देशाने खटला भरला तर तुरुंग. आईला अजून हे पूर्ण सांगितलेलं नाही. तुम्ही त्याला समजावा. तो तुमचं ऐकतो."

तो तुमचं ऐकतो. उपेंद्र गेल्यावर बराच वेळ मी त्या सतरंजीची घडी घालत होते.

साक्षीच्या आदल्या रविवारी गोरक्ष कागद घेऊन आला. कंपनीच्या वकिलांनी त्याच्या जबाबाचा मसुदा पाठवला होता, इंग्रजीत, दोन पानं, खाली सहीची जागा. "बाई, मराठीत वाचून दाखवा. मला अंदाजाने कळलंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचलं. टेहळणीवर मी होतो. हवा धूसर होती. मच्छीमारांच्या बोटी पुष्कळ होत्या. धडकेपूर्वी मला ती युद्धनौका दिसली नाही, त्यामुळे मी काही कळवलं नाही. समोरचं जहाज पुरेसे दिवे न लावता चाललं होतं.

"शेवटचं वाक्य खरं आहे का?" मी विचारलं.

"अर्धं. दिवे कमी होते. पण मला पुरले होते."

"आणि सही केलीस तर?"

"तर दादा कप्तान होतो. मला वर्षाच्या आत बोट. वेदिकाला सातवा महिना आहे, ती म्हणते कर सही. आत्या म्हणते, उपकार केलेत त्या पोराने, फेडायला पाहिजेत." तो हसला, पण आवाज न करता. "फक्त मी आंधळा होतो, एवढं लिहून द्यायचं."

"आणि नाही केलीस तर?"

"तर दादाबरोबर मीही जातो. मी एकदा सांगितलं एवढ्यावर ते थांबणार नाहीत ना बाई. विचारतील, पुढची आठ मिनिटं काय केलंस? मला माहीत होतं. बाकी कुणाला नसेल, दादाला नसेल, मला माहीत होतं."

त्याने फोन काढून एक फोटो दाखवला. तीन तरुण, नौसैनिकांच्या टोप्या घातलेले. त्यांची नावं मला नीट उच्चारता येईनात. त्याला येत होती. एकेकावर बोट ठेवून त्याने ती म्हटली, आठवीत हजेरीच्या वेळी मी म्हणायचे तशी सावकाश.

मग एकदम म्हणाला, "तुम्हाला ती सहल आठवते? भंडारदऱ्याची?"

"आठवते."

"तुम्ही म्हणाला होता, एकदा नीट सांगावं आणि गप्प बसावं."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. पाढे म्हणताना एखादं मूल मध्येच थांबतं आणि बरोबर आहे ना म्हणून वर बघतं, तसा तो बघत होता. मी चहा ठेवायला आत गेले. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि त्यात पाणीच घालायचं राहिलं. पातेलं तापून वास येऊ लागला तेव्हा गॅस बंद करून बाहेर आले.

"गोरक्ष, त्या दिवशी तू दुसऱ्यांदा ओरडलास म्हणून आम्ही बेचाळीस जण घरी आलो. मी तुला चुकीचं शिकवलं होतं."

त्याने टेबलावरचे कागद पुढे ओढले. मग दोन्ही पानं त्याने नीट जुळवली, घडी घातली, खिशात ठेवली. "येतो बाई," म्हणाला. सही करणार की नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पायरीपर्यंत गेला आणि परत आला. मला वाटलं काही बोलेल. चप्पल उलटी घातली होती, ती बदलून गेला.

मंगळवारी मुंबईत साक्ष झाली. ती मला त्याच्याकडूनच कळली. त्या मसुद्यावर सही न करता त्याने सरळ जबाब दिला, हिंदीतून. दिवा दिसला, मी एकदा सांगितलं, साहेब म्हणाले बघितलं. मग आठ मिनिटं दिवा हलला नाही, मला त्याचा अर्थ माहीत होता, आणि मी दुसऱ्यांदा बोललो नाही. समोरच्या टेबलावर उपेंद्र बसला होता. गोरक्ष म्हणाला, "दादा एकदाच माझ्याकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे तू सांगितलं होतंस.’ रागाने नाही बाई. हरवलेली वस्तू सापडावी तसं."

निकाल यायला वर्ष गेलं. उपेंद्रचं प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी काढून घेतलं. तो मुंबईत एका जहाजी कार्यालयात बसतो. कप्तान होणार नाही. त्याची आई मला गंगेवर दिसते, मान वळवते, मीही थांबत नाही. गोरक्षला ताकीद मिळाली, म्हणजे कागदावर फार काही झालं नाही. पण त्या कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही, आणि दुसऱ्या कंपन्यांत अर्ज केला की मुलाखत मध्येच संपायची. वेदिका काही महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलली. कुसाबाई मात्र म्हणाली, "उपकाराचं काय, ते राह्यलेच. पन पोराला झोप लागायला लागली."

युद्धनौकेचाही अहवाल आला. त्यातलं एक पान त्याने मला फोनवर वाचायला दिलं. त्या पहाटे त्यांच्या ब्रिजवर चौदा जण होते. त्यातल्या पाच जणांना मोठं जहाज येताना दिसलं होतं. प्रत्येकाला वाटलं, अधिकाऱ्याला माहीत असणार. डाव्या बाजूच्या टेहळणीवर एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. तिने कानावरच्या फोनमधून कळवलं होतं. पलीकडून ‘ठीक’ असं उत्तर आलं. मग तिने पुन्हा कळवलं नाही.

"म्हणजे तीही बघत होती," गोरक्ष म्हणाला. "मी तिच्या डाव्या अंगाचा लाल दिवा बघत होतो, ती आमच्या उजव्या अंगाचा हिरवा. आठ मिनिटं."

मी फोन त्याला परत दिला. त्याने दिलेला समुद्राचा नकाशा अजून भिंतीवर होता, तो उतरवून देऊ का असं विचारलं. तो म्हणाला, राहू द्या, रंग छान आहे.

सध्या गोरक्ष घोटीतल्या एका भातगिरणीत नोकरीला आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, गुरुवारी सुट्टी. हंगामात गिरणीच्या आवारात उभं राहून ट्रॅक्टर आत-बाहेर घेण्याचं काम त्याच्याकडे असतं, आणि त्यासाठी मालकाने त्याला एक शिट्टी दिली आहे.